दक्षिण सातारा : अकरा वर्षांचा जिल्हा

ज्या जिल्ह्याची हकिकत आज आपणांपुढे ठेवायची आहे, तो जिल्हा आता नकाशावर नाही. त्याचे नाव दक्षिण सातारा. १ ऑगस्ट १९४९ रोजी तो जन्माला आला आणि २१ नोव्हेंबर १९६० रोजी त्याचे नाव बदलून सांगली झाले. मुलूख तोच राहिला, कचेरी त्याच गावी राहिली, नाव तेवढे गेले. सव्वाअकरा वर्षांच्या या नावाला इतिहास तो काय असणार, असे कोणी विचारील. आम्हांलाही पूर्वी तसेच वाटत असे. परंतु कामगारांच्या कामासाठी कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवीत असता एकदा हे नाव आमच्या वाटेत आडवे आले, आणि मग त्याचा माग काढणे भाग पडले.

गोष्ट अशी. आमच्या युनियनचे एक जुने सभासद निवृत्त झाले. त्यांना सारे तात्या म्हणत. पेन्शनचे कागद सादर केले, तेव्हा शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जन्मस्थळाच्या रकान्यात ‘ता. खानापूर, जि. द. सातारा’ असे लिहिलेले होते. इतर सर्व कागदांवर जिल्हा सांगली. खिडकीवरचा तरुण कारकून म्हणाला, “तात्या, हा जिल्हा आमच्या यादीतच नाही. दाखला दुरुस्त करून आणा.” तात्या शाळेत गेले. हेडमास्तर म्हणाले, “रजिस्टरात जे आहे तेच आम्ही देणार. त्यात खाडाखोड करता येत नाही.” दोघांचेही नियमाप्रमाणे बरोबर होते आणि तात्यांची पेन्शन अडली होती. बाहेर चहाच्या टपरीवर बसून तात्या आम्हांला म्हणाले, “साहेब, गाव हललं न्हाई, घर हललं न्हाई, मग माझा जिल्हा कुठं गेला?”

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी आम्ही वाचनालयात जाऊन बसलो. आमचे शाळेतले शिक्षण बेताचे; जे काही वाचले ते कामावरून सुटल्यावर. तेव्हा पंडितांनी आमच्या मांडणीतले उणे पोटात घालावे.

प्रथम जुना सातारा जिल्हा कसा झाला ते पाहू. १८१८ साली पेशवाई बुडाली आणि इंग्रजांनी प्रतापसिंह महाराजांना सातारच्या गादीवर बसविले. राज्य छत्रपतींचे, पण शेजारी रेसिडेंट बसलेला. पहिला रेसिडेंट ग्रँट डफ. मराठ्यांचा इतिहास लिहिणारा तो हाच. प्रतापसिंह मानी होते. १८३९ मध्ये त्यांना पदच्युत करून काशीस पाठविण्यात आले व त्यांचे बंधू शहाजी यांना गादी मिळाली. प्रतापसिंहांची कैफियत घेऊन रंगो बापूजी गुप्ते विलायतेस गेले आणि सुमारे चौदा वर्षे तेथे दाद मागत राहिले. एखाद्या कामगाराचा दावा दहा वर्षे चालला म्हणजे आपण हळहळतो. या माणसाने परक्या देशात, परक्या भाषेत चौदा वर्षे तारखा मोजल्या. तोवर १८४८ मध्ये शहाजी महाराज वारले, दत्तक नामंजूर झाला आणि लॉर्ड डलहौसीने राज्य खालसा केले. १८५७ मध्ये साताऱ्यात उठावाचा कट उघडकीस येऊन गेंडामाळावर सतरा जणांना देहान्ताची शिक्षा झाली. रंगो बापूजी निसटले ते कायमचेच नाहीसे झाले.

खालसा झालेल्या या राज्याचा पुढे इंग्रजी जिल्हा बनला. १८८५ साली छापलेल्या साताऱ्याच्या गॅझेटियरात या जिल्ह्याचे अकरा तालुके दिले आहेत : जावळी, वाई, सातारा, कोरेगाव, पाटण, कराड, खटाव, माण, वाळवा, खानापूर आणि तासगाव. म्हणजे महाबळेश्वराच्या धुक्यापासून तासगावच्या काळ्या रानापर्यंत सारा एक जिल्हा. सह्याद्रीच्या माथ्यावर छत्री उघडावी तर उलटी व्हावी असा पाऊस, आणि माण-खानापुरात माणसाने आभाळाकडे पाहत आषाढ काढावा अशी स्थिती.

पण हा जिल्हाही सलग नव्हता. आमच्या आजीची गोधडी जशी नाना रंगांच्या ठिगळांची, तसा हा मुलूख. मध्येमध्ये संस्थानांची ठिगळे. उत्तरेस फलटणचे नाईक निंबाळकर. पूर्वेस जतचे डफळे. मध्ये औंधचे पंतप्रतिनिधी; त्यांचे औंध एकीकडे, आटपाडी दुसरीकडे, कुंडल तिसरीकडे. दक्षिणेस पटवर्धन घराण्याची संस्थाने. १८०१ साली चिंतामणराव पटवर्धन मिरजेहून वेगळे झाले आणि त्यांनी सांगलीस आपले ठाणे केले. पुढे मिरजेचेही दोन भाग झाले. धाकट्या पातीची राजधानी बुधगाव. खुद्द सांगली संस्थानाचे तालुके पाहिले तर डोके गरगरते : मिरज प्रांत व कुची जवळचे, पण मंगळवेढे सोलापूरच्या बाजूला, शहापूर बेळगावला लागून, तेरदाळ विजापूरकडे आणि शिरहट्टी तर थेट धारवाडच्या पलीकडे.

अशा हद्दींना लोक काय म्हणत? सामान्य माणसाला ती एक कटकट होती. एका गावाचा चावडीचा हुकूम शेजारच्या गावी चालत नसे. पण कटकटीतूनही माणसे वाट काढतात. १९१० साली बेळगावातून उठावे लागलेले लक्ष्मणराव किर्लोस्कर औंधच्या राजेसाहेबांनी दिलेल्या जागेवर, कुंडलजवळच्या निवडुंगाच्या माळावर आले आणि तेथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. पुढे कराडजवळ ओगल्यांचा काचकारखाना निघाला आणि त्या जागेचे नावही ओगलेवाडी पडले. या भागातला पहिला कारखान्यातला कामगार घडला तो अशा ठिकाणी. मात्र एक गोष्ट आम्ही कामगारांच्या बाजूने नमूद करून ठेवतो. ब्रिटिश मुलखात कारखान्यांचे जे कायदे झाले, ते संस्थानांत आपोआप लागू होत नसत. राजाने मनावर घेतले तर लागू. तेव्हा रुळांच्या अलीकडचा मजूर एका कायद्याखाली आणि पलीकडचा दुसऱ्या, असे प्रसंग हिंदुस्थानभर होते. हद्द ही नकाशावरची रेघ खरी, पण कामाचे तास आणि हाताला झालेल्या इजेची भरपाई त्या रेघेवर ठरत असे.

हीच रेघ बेचाळीसच्या चळवळीत उलट बाजूने उपयोगी पडली. ऑगस्ट १९४२ मध्ये पुढारी पकडले गेल्यावर सातारा जिल्ह्यातले शेतकरी मामलेदार कचेऱ्यांवर चालून गेले. २४ ऑगस्टला कराड, ३ सप्टेंबरला तासगाव, ९ सप्टेंबरला वडूज आणि १० सप्टेंबरला इस्लामपूर. वडूज आणि इस्लामपूर येथे गोळीबार झाला, माणसे पडली. तेव्हा उघड मोर्चाचा मार्ग सोडून तरुण भूमिगत झाले. येडेमच्छिंद्रचे नाना पाटील, कुंडलचे जी. डी. लाड, वाळव्याचे नागनाथ नायकवडी, अशी ती नावे आपणांस पाठ आहेत. १९४३ पासून १९४६ पर्यंत या मंडळींनी प्रतिसरकार चालविले. तुफान सेना उभी केली, गावोगाव न्यायदानाची मंडळे नेमली, सावकाराचे आणि गावगुंडांचे पारिपत्य केले, हुंड्यावाचून आणि बडेजावावाचून लग्ने लावली. ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ पगाराची गाडी लुटली, तीही याच सेनेने. २४ जुलै १९४३ रोजी वसंतदादा पाटील आणि त्यांचे सोबती सांगलीचा तुरुंग फोडून बाहेर पडले. हा तुरुंग संस्थानचा होता हे ध्यानी घ्यावे.

आता नकाशा पुढे घ्या. कुंडल औंध संस्थानात, आणि आजूबाजूची गावे ब्रिटिश सातारा जिल्ह्यात. इंग्रजांच्या पोलिसांना संस्थानी हद्दीत शिरायचे तर लिहापढी करावी लागे. भूमिगतांना ओढा ओलांडला की पुरे. शिवाय औंधचे राजे भवानराव आणि त्यांचे चिरंजीव आप्पासाहेब यांची सहानुभूती राष्ट्रीय चळवळीकडे होती. महात्मा गांधींच्या सल्ल्याने या छोट्या संस्थानाने १९३९ मध्येच प्रजेच्या हाती कारभार देणारी घटना स्वीकारली होती, आणि आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची भिंतीवाचूनची कैद्यांची वसाहत काढली होती. प्रतिसरकारने आपला कारभार आखताना ब्रिटिश हद्द, संस्थानी हद्द असा भेद मानला नाही. आमच्या मते ‘सातारा’ या नावाखाली वाईपासून वाळव्यापर्यंतची आणि संस्थानांतली जनता मनाने एक झाली ती त्या चार वर्षांत. सरकारी हुकुमाने नव्हे.

आणि नेमके एकीचे हे दिवस ताजे असतानाच जिल्हा दोन झाला. ८ मार्च १९४८ रोजी दक्षिणेतील संस्थाने मुंबई प्रांतात विलीन झाली. ठिगळे नाहीशी झाली तेव्हा नव्याने बेतणे प्राप्तच होते. मोठा सातारा जिल्हा, त्यात फलटण, औंध, जत, सांगली, मिरज यांची भर. एका कलेक्टराने एका कचेरीतून हे सर्व पाहणे कठीण होते. जतच्या शेतकऱ्याने एका सात-बाराच्या उताऱ्यासाठी साताऱ्यापर्यंत यावे, हेही न्यायाचे नव्हते. म्हणून १ ऑगस्ट १९४९ पासून दोन जिल्हे झाले. साताऱ्याचे उत्तर सातारा झाले. जुन्या अकरा तालुक्यांपैकी वाळवा, खानापूर व तासगाव हे तीन, शिराळा पेटा, मिरज, जत आणि सांगली-मिरज संस्थानांचा जवळचा मुलूख मिळून दक्षिण सातारा झाला. औंध गाव उत्तरेत राहिले, आटपाडी आणि कुंडल दक्षिणेत आले. सांगली ही संस्थानाची राजधानी असल्याने कचेऱ्यांना वाडे तयार होते, बाजारपेठ मोठी होती, मिरजेस रेल्वे होती. मुख्य ठाणे सांगलीस झाले यात नवल नाही. ‘दक्षिण सातारा’ हे शब्दही लोकांना अगदी अपरिचित नव्हते; १९४६ मध्ये यशवंतराव चव्हाण मुंबईच्या विधिमंडळात निवडून आले ते याच नावाच्या मतदारसंघातून.

सांगलीकरांना मात्र हे नाव मनापासून रुचणे कठीणच होते. ज्या गावी स्वतःचे सिंहासन होते, गणपतीचे देऊळ होते, हळदीचा आणि गुळाचा बाजार होता, त्या गावच्या कलेक्टर कचेरीवर दुसऱ्या गावच्या नावाची पाटी! उलट वाळवा, खानापूर, तासगावच्या लोकांना त्यात काही खटकण्याजोगे नव्हते; ते पिढ्यान्‌पिढ्या साताऱ्याचेच. एका नावात असे दोन भाव होते. १९५१ च्या जनगणनेत उत्तर सातारा व दक्षिण सातारा अशी दोन्ही नावे आहेत, आणि दक्षिण सातारा हे नाव लागलेली ही एकच जनगणना. पुढची व्हायच्या आत ते गेले होते. मधल्या काळात द्वैभाषिक राज्य आले, संयुक्त महाराष्ट्राचे आंदोलन पेटले, १९५७ मध्ये क्रांतिसिंह नाना पाटील साताऱ्यातून कम्युनिस्ट पक्षाचे खासदार म्हणून लोकसभेत गेले. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र झाला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात दक्षिण सातारा हे नाव मिटले. उत्तर सातारा पुन्हा नुसता सातारा झाला. पुढे सांगली जिल्ह्याचे तालुकेही वाढले. १९६५ मध्ये कवठे महांकाळ आणि आटपाडी, नंतर पलूस आणि कडेगाव.

वाटणीत माणसे कशी वाटली गेली पाहा. यशवंतरावांचे जन्मगाव देवराष्ट्रे, ते आज सांगली जिल्ह्यात. त्यांची कर्मभूमी कराड, ती साताऱ्यात. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली ती कराड तालुक्यातल्या काले गावी, पुढे ती साताऱ्यास नेली. त्यांच्या घराण्याचे गाव ऐतवडे बुद्रुक मात्र आता सांगलीचे. आणि आम्हां कामगारांचे अण्णा भाऊ साठे! १ ऑगस्ट १९२० रोजी वाटेगावी जन्मले तेव्हा ते सातारा जिल्ह्याचे. त्यांच्या वयाला २९ वर्षे पूर्ण झाली त्याच दिवशी त्यांचे गाव दक्षिण सातारा जिल्ह्यात गेले. तेव्हा ते मुंबईत होते; गिरणीत राबून, लाल बावट्याच्या कलापथकातून गात होते. त्यांना सातारचे म्हणावे की सांगलीचे, यावर आमच्याच सभासदांत आम्ही वाद ऐकला आहे.

असा अनुभव आपल्याच वाट्याला आला असे नाही. जर्मनीत आपल्या जिल्ह्यासारखा ग्रामीण कारभाराचा एक घटक असतो, त्याला लांडक्राइस म्हणतात. पश्चिम जर्मनीत १९६७ च्या सुमारास त्यांची फेरमांडणी सुरू झाली आणि दहाबारा वर्षांत ४२५ चे २३७ राहिले. आपल्याकडे एकाचे दोन झाले, तेथे दोनतीनांचा एक झाला. कारण मात्र तेच : कारभार सोयीचा व्हावा. तेथील मोटारींच्या पाट्यांवर जिल्ह्याची अक्षरे असतात. जुन्या जिल्ह्यांची अक्षरे बंद झाली, पण लोक ती विसरले नाहीत. अखेर २०१२ पासून अनेक ठिकाणी जुनी अक्षरे घेण्याची मुभा मिळाली. आपल्याकडे सांगलीची गाडी एमएच १०, साताऱ्याची ११, आणि कराडास वेगळा ५० क्रमांक मिळाल्यावर तेथल्या पोरांना झालेला आनंद आम्ही डोळ्यांनी पाहिला आहे. मनुष्यस्वभाव सर्वत्र सारखाच.

परंतु पाटीचा अभिमान वेगळा आणि पोटाचा प्रश्न वेगळा. जिल्ह्याची रेघ उत्तर-दक्षिण अशी दोन वाटे करून गेली. या मुलखातली खरी रेघ मात्र पूर्व-पश्चिम आहे. पश्चिमेस कृष्णा, कोयना, वारणा यांचे पाणी आणि ऊस. पूर्वेस माण, खटाव, खानापूर, आटपाडी, कवठे महांकाळ, जत हा अवर्षणाचा पट्टा. त्यातले माण आणि खटाव साताऱ्यात, बाकीचे सांगलीत. दुष्काळ एक आणि अर्ज दोन कलेक्टरांकडे. या पट्ट्याने मुंबईच्या गिरण्यांना कामगार पुरविले. खानापूर-आटपाडीचे तरुण सोने-चांदी गाळण्याच्या गलाईच्या धंद्यासाठी देशाच्या कानाकोपऱ्यांत गेले. १९७२ च्या दुष्काळात हीच माणसे आणि त्यांच्या बायका खडी फोडीत होत्या. मागेल त्याला काम देणारी रोजगार हमी योजना तासगाव तालुक्यातल्या विसापूरच्या वि. स. पागे यांच्या विचारातून निघाली, तो योगायोग नव्हे.

१८ जानेवारी १९८२ ला मुंबईत गिरण्यांचा संप सुरू झाला. संपवाले गावी परतले, तेव्हा खानापूर तालुक्यात त्यांच्यातूनच मुक्ती संघर्ष चळवळ उभी राहिली. येरळा नदीतली वाळू कोणी विकायची आणि पाणी कोणी प्यायचे, असा सवाल तिने केला, आणि लोकांनी स्वतः बळीराजा धरण बांधले. १९९३ पासून आटपाडीस पाणी परिषदा भरू लागल्या. त्यांत नागनाथअण्णा नायकवडी, डॉ. भारत पाटणकर आणि सांगोल्याचे गणपतराव देशमुख एका व्यासपीठावर बसले. सांगली, सातारा, सोलापूर या तिन्ही जिल्ह्यांतले दुष्काळी तालुके आपली जिल्ह्याची पाटी घरी ठेवून तेथे आले. प्रतिसरकारात ओढे ओलांडणारे अण्णा म्हातारपणी पुन्हा हद्दी ओलांडीतच होते.

त्या रेट्याने आणि पुष्कळ उशिराने टेंभूची योजना पुढे सरकली. टेंभू हे कराडजवळचे गाव. गोपाळ गणेश आगरकरांचे जन्मस्थान. सातारा जिल्ह्यात कृष्णेचे पाणी उचलायचे आणि ते टप्प्याटप्प्याने खानापूर, आटपाडी, कवठे महांकाळ व पुढे सांगोल्याकडे न्यायचे. जी वाटणी १९४९ मध्ये हुकुमाने झाली, ती या पाइपांनी काही अंशी सांधली. पुराचेही तसेच. कोयनेचे धरण पाटण तालुक्यात, आणि २००५, २०१९, २०२१ च्या पुरांत सांगलीचा माणूस आयर्विन पुलाच्या खुणेकडे पाहत विचारत होता, “कोयनेतनं किती सोडलंय?” साताऱ्याच्या दाराची खबर सांगलीच्या जिवाशी अशी बांधलेली आहे.

मग जिल्हा मोडला ते वाईट झाले काय? आम्ही तसे म्हणत नाही. कचेरी जवळ येणे ही गरिबाची मोठी सोय आहे. एका हेलपाट्याला मजुराचा एक रोज बुडतो, हे ज्याला ठाऊक आहे तो दूरच्या कचेरीचे गोडवे गाणार नाही. कराडचा जिल्हा व्हावा, माणदेशाचा व्हावा अशा मागण्या वेळोवेळी निघतात. त्यांचीही थट्टा करू नये. आमचे म्हणणे इतकेच की, मागणी करताना तीन प्रश्न विचारावे. मजुराचा हेलपाटा वाचतो काय? पाण्याच्या वाटपात शेवटच्या गावाचा हक्क वाढतो काय? आणि जुन्या कागदांवर जगणाऱ्या माणसाची नव्या यादीत सोय केली आहे काय? १९६० साली नाव बदलले, पण हजारो पोरांच्या दाखल्यांवर जुनेच नाव राहिले. त्यांना पुढे अडवू नये, एवढी एक ओळ त्या यादीत असती तर तात्यांचे हेलपाटे वाचले असते.

तात्यांचे पुढे काय झाले ते सांगून आटोपतो. १९६९ साली निघालेल्या सांगलीच्या गॅझेटियरात या जिल्ह्याचे नाव पूर्वी दक्षिण सातारा होते, असे स्पष्ट छापलेले आहे. त्या पानाची छायाप्रत अर्जास जोडून आम्ही तात्यांना घेऊन तिसऱ्यांदा गेलो. या खेपेस वरच्या साहेबांनी कागद वाचला, त्या तरुण कारकुनाला बोलावून दाखविला आणि सही केली. कारकून भला होता, म्हणाला, “तात्या, हे आम्हांला कुणी शिकवलंच नाही.” तात्यांनी ती छायाप्रत मागून घेतली, चार घड्या करून टोपीत ठेवली. गावात त्यांच्या वयाचे आणखी सातआठ जण आहेत, त्यांना लागेल म्हणाले.